स्पर्धा आयोगाकडे अर्ज : कोण करू शकतो, काय जोडायचे, पुढे काय होते

कंपन्यांनी संगनमताने दर ठरवले, निविदा आपसांत वाटून घेतल्या किंवा एखाद्या बड्या कंपनीने वर्चस्वाचा गैरवापर केला, तर दिल्लीतील भारतीय स्पर्धा आयोगाकडे अर्ज करता येतो. स्पर्धा कायदा २००२ चा. त्यातली कामाची दोन कलमे, म्हणजे कलम ३ (संगनमत) आणि कलम ४ (वर्चस्वाचा गैरवापर), मे २००९ पासून लागू आहेत.

अर्ज कोण करू शकतो? कोणीही. स्वतःचे नुकसान झालेलेच असावे अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. गुरगावच्या फ्लॅटधारकांच्या संघटनेने अर्ज केला आणि २०११ मध्ये डीएलएफ या बांधकाम कंपनीला ६३० कोटींचा दंड झाला. मुदत मात्र सांभाळा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. उशिराला सबळ कारण असेल तरच सूट.

अर्जात दोन्ही बाजूंची नावे-पत्ते, घटनाक्रम, कोणत्या कलमाचा भंग झाला ते, पुरावे आणि शुल्काची पावती हवी. वैयक्तिक अर्जदाराला शुल्क ५,००० रुपये, कंपन्यांना उलाढालीप्रमाणे जास्त. समोरच्याशी आधीच कोर्टकचेरी चालू असेल तर तेही लिहा, लपवू नका. नाव गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते.

खरी मेख पुराव्यात आहे. ‘मला जादा बिल लावले’ एवढ्यावर अर्ज बहुधा टिकत नाही. ते काम ग्राहक आयोगाचे. इथे बाजारपेठ कोणती, तिच्यात त्या कंपनीची ताकद किती आणि तिच्या वागण्याने इतरांची वाट कशी अडली, हे मांडावे लागते. निविदांचे दर नुसते सारखे असून भागत नाही. पण दर पैशापर्यंत सारखे, टायपिंगची चूकही तीच आणि दोन्ही निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरलेल्या, असे काही हाती असेल तर प्रती जरूर जोडा.

प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर आयोग आपल्या तपास शाखेच्या महासंचालकांना तपासाचा आदेश देतो. न्यायालयाच्या परवानगीने त्यांना छापेही घालता येतात. अहवाल आला की सुनावणी. दंड सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, कार्टेल (संगनमत करणाऱ्या कंपन्यांचा गट) असेल तर नफ्याच्या तिपटीपर्यंतही. कार्टेलमधलाच कोणी सर्वांत आधी पुरावे घेऊन आला, तर त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो.

दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. भरपाई हवी असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आयोगाने प्रकरण सुरुवातीलाच बंद केले, तर अपीलही तिथेच, ६० दिवसांत.