भीमाशंकरच्या काडीतला उजेड

पाऊस लागला की भीमाशंकरचे तेच व्हिडिओ पुन्हा मोबाइलवर फिरू लागतात: अख्खं रान हिरवं पेटलेलं आणि खाली 'इथली झाडं रात्री चमकतात' अशी ओळ. झाडं चमकत नाहीत. चमकते ती कुजक्या लाकडात वाढणारी मायसीना गटातली बुरशी. डोळ्यांना ती इतकी झगझगीत दिसतही नाही. टॉर्च आणि मोबाइल बंद करून वीसेक मिनिटं अंधारात बसावं, मग पायाशी पडलेली एखादी काडी फिकट हिरवी दिसू लागते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, पानांतून चांदणं उतरलंय. पण आभाळ तर गच्च भरलेलं! वाकून बघितलं, तर साल सुटून बुरशीचे तंतू उघडे पडले होते तेवढ्याच जागी उजेड होता.

शेकरूसाठी १९८५ साली अभयारण्य झालेलं हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं रान. सह्याद्रीच्या माथ्यावरचं. धुकं आणि दाट सावली यांमुळे पावसाळाभर पाचोळा वाळतच नाही. बुरशीला आणखी काय हवं?

आता खरी गंमत. कॉफीत असतं तेच कॅफिक आम्ल ही बुरशी स्वतः बनवते. त्यापासून हिस्पिडिन नावाचं संयुग आणि हिस्पिडिनला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडला की ल्युसिफेरिन, म्हणजे उजेड देणारं द्रव्य, तयार होतं. ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) त्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवून आणतं. त्यातून होणारा रेणू क्षणभरही टिकत नाही; कार्बन डायऑक्साइड सोडून तो फुटतो आणि मोकळी झालेली ऊर्जा सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशात बाहेर पडते. उरलेल्या द्रव्याचं पुन्हा कॅफिक आम्ल होतं आणि चक्र चालू राहतं. ही सगळी साखळी उलगडली ती २०१८ मध्ये.

पण ऑक्सिजनचा धागा फार जुना आहे. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने १६६७ मध्ये चमकणारं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून पंपाने हवा काढली. उजेड गेला. हवा आत सोडली, उजेड परतला. वेताळाची दिवटी म्हणून या उजेडाला घाबरणाऱ्यांना मी हाच प्रयोग सांगतो. भूत पंपाने विझत नाही.

आणि ही काडी खिशात घालून घरी नेण्यातही अर्थ नाही. ओल गेली की तंतू सुकतात आणि हातात उरते ती नुसती कुजकी काडी.