शेवटचे पाच आकडे

ठाण्यात जुनी पद्मिनी विकायला काढणारे हल्ली फोटोत नंबर प्लेट झाकून ठेवतात. बॉनेटखालच्या चेसिस नंबरच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या ओळख क्रमांकाच्या, पट्टीचा फोटो मागितला, तर ‘गाडी बघायला या, तिथेच दाखवतो’ असं उत्तर येतं. घेणाऱ्याला लगेच काळंबेरं वाटतं. मलाही आधी वाटायचं.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ही गाडी बाहेर पडायची तेव्हा चेसिस नंबर लपवायचा, हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. तो लोखंडात ठोकायचा तोच मुळी कुणीही ताडून बघावा म्हणून. पासिंगच्या वेळी त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा फॉर्मला चिकटवायचा. अशा पेन्सिल प्रिंट एजंट, विमावाले, फायनान्सवाले अशा सगळ्यांच्या फायलींत पडलेल्या असत.

आज ओळखीचा असलेला १७ अक्षरी नंबर अमेरिकेने १९८१ पासून सक्तीचा केला. १ आणि ० शी गल्लत नको म्हणून त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं येत नाहीत. त्याआधी ज्या त्या कंपनीची आपली तऱ्हा, आणि नंबर बहुधा आखूड.

गाडीच्या नोंदीतून माणसाच्या दारापर्यंत पोचता येतं, हे अमेरिकेतच आधी लक्षात आलं. १९८९ मध्ये रिबेका शेफर या अभिनेत्रीचा खून झाला. मारेकऱ्याने एका खासगी गुप्तहेराकरवी कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्यातून तिचा पत्ता मिळवला होता. १९९४ मध्ये अमेरिकेत या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा झाला.

आपल्याकडे आरटीओची बाडं ‘वाहन’ या डेटाबेसमध्ये गेली आणि प्रश्न इथेही आला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ मध्ये केंद्राने हाच डेटा कंपन्यांना घाऊक विकायचं धोरण काढलं! डेटा देऊन ६५ कोटी मिळाल्याचं त्याच वर्षी संसदेत सांगण्यात आलं. खासगीपणाच्या कारणावरून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं.

पण खरी गोम वेगळीच आहे. ‘परिवहन’ या सरकारी संकेतस्थळावर काम करायचं तर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे विचारतात. राज्याच्या ई-चलानला चेसिसचे किंवा इंजिनचे शेवटचे चार पुरतात. म्हणजे चारचौघांना दिसावा म्हणून ठोकलेला नंबर अर्धामुर्धा पासवर्ड होऊन बसला. नव्या गाडीचे शेवटचे पाच झाकले तरी बारा अक्षरं उरतात, त्यांवरून कंपनी आणि साल कळतं. जुन्या गाडीच्या आखूड नंबरातले पाच झाकले, की उरतं काय?

त्यात चोरीच्या गाडीला दुसऱ्या चोख गाडीचा नंबर ठोकण्याचा धंदा जुनाच. जुन्या मोटारींचं मोल तर या नंबरावरच ठरतं. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना ‘व्हीए’ची वेगळी नंबरमालिका दिली, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमाराचं, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे या रांगेत येताहेत. त्यांची कागदपत्रं आता चोरण्याजोगी झाली आहेत.

ठाण्याची एमएच-०४ असो की वाशीची एमएच-४३, ओळखीतले जाणकार म्हणूनच एकच करतात. फोटो मागत नाहीत. आरसी बुक घेऊन मालकाच्या पार्किंगमध्ये जातात, बॉनेट उघडतात, फडक्याने ग्रीस पुसतात आणि टॉर्च मारून एकेक आकडा ताडून बघतात.