कम्युनिटी कॉलेजातून यूसीत एन्व्हायर्नमेंटल सायन्सला जायचंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी बघा

सप्टेंबर उजाडला की बे एरियातल्या मराठी घरांमधून तेच फोन सुरू होतात. मुलगी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं एन्व्हायर्नमेंटलच करतेय, मार्कही चांगलेत, मग यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, नकार का यावा? कोर्सची यादी मागवली की बहुतेक वेळा कळतं, एन्व्हायर्नमेंटल नावाचे कोर्स ढिगाने घेतलेत आणि केमिस्ट्री अर्धवट राहिलीये.

कॉलेजची स्वतःची डिग्री किंवा सर्टिफिकेट वेगळं आणि यूसीच्या मेजरची (मुख्य विषयाची) तयारी वेगळी, हे काउन्सेलर पहिल्याच भेटीत ठणकावून का सांगत नाहीत देव जाणे. एनर्जी मॅनेजमेंट, वन्यजीव वगैरेचे कोर्स छानच असतात, युनिट्सही (कोर्सचे क्रेडिट) मिळतात, पण अर्ज तपासणारा शोधतो जनरल केमिस्ट्रीची सिरीज, कॅल्क्युलस, बायॉलॉजी, कुठे स्टॅट्स तर कुठे फिजिक्स. कॅम्पसगणिक यादी बदलते, म्हणून असिस्ट या अधिकृत साइटवर आपलं कॉलेज, यूसीचा कॅम्पस आणि मेजर टाकून करारपत्र (कोणते कोर्स त्या मेजरला धरले जातात ती यादी) काढा, प्रिंट घ्या आणि फ्रिजवर लावा. एन्व्हायर्नमेंटल सायन्स आणि एन्व्हायर्नमेंटल स्टडीज हे दोन वेगळे मेजर आहेत, स्टडीजला सहसा सायन्स कमी लागतं, चुकीच्या पानावरची यादी बघून दीड वर्ष घालवणारेही आहेत.

सिरीजचा घोळ तर वेगळाच. बे एरियातली डी अँझा आणि फूटहिल ही कम्युनिटी कॉलेजं क्वार्टरवर (वर्षात तीन मुख्य टर्म) चालतात, फ्रीमाँटचं ओलोनी सेमिस्टरवर (वर्षात दोन). क्वार्टरवाल्याकडे जनरल केमिस्ट्री तीन भागांत असते, वन ए, वन बी, वन सी, सेमिस्टरवाल्याकडे दोन. कुणीतरी ए, बी इकडे करतं आणि सीट मिळाली नाही म्हणून उरलेलं तिकडे उरकतं, मग दोन्हींचं गणित जुळत नाही आणि सिरीज अर्धवट धरली जाते. एका कॉलेजात सुरू केली की तिथेच संपवा, त्यासाठी रजिस्ट्रेशनच्या दिवशी पहाटे उठावं लागलं तरी उठा.

किमान पात्रता सोपी आहे. यूसीला चालणारी ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स, त्यात इंग्लिश कॉम्पोझिशनचे दोन कोर्स, गणिताचा एक आणि बाकी चार इतर विषयांतले, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला जीपीए (ग्रेडची सरासरी) किमान २.४, बाहेरच्याला २.८. आता हे २.४ म्हणजे दारात उभं राहण्याची परवानगी, आत घेतीलच असं नाही. आणि युनिट्स ज्या फॉलला प्रवेश हवा त्याच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत पूर्ण व्हायला हवीत, "उरलेलं समरला करू" हा हिशोब इथे चालत नाही.

तारखा वाचताना सगळ्यात जास्त गल्लत टॅगची होते. टॅग म्हणजे प्रवेशाची हमी, ती देतात डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. फॉर्म १ ते ३० सप्टेंबर, आणि फक्त एकाच कॅम्पसला. क्वार्टरवाल्यांचा फॉल सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो, त्यामुळे टॅगसाठी लागणारी त्यांची ४५ युनिट्स समरपर्यंतच झालेली लागतात, हे कळतं तेव्हा बहुतेकांचा समर सुट्टीत भारतात गेलेला असतो. जीपीएची आणि मेजरची अट प्रत्येक कॅम्पसची वेगळी.

आणि टॅग भरला म्हणजे अर्ज झाला असं नाही हो! अर्ज वेगळा, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा, मेजर टॅगमध्ये लिहिलं तेच हवं. शेवटची तारीख ३० नोव्हेंबर धरा, अलीकडे ती एकदोन दिवस पुढे सरकते पण त्या भरवशावर राहू नका. मग जानेवारीत फॉलचे ग्रेड टाकायचे अपडेट असतं, ३१ जानेवारीपर्यंत. त्याचा ईमेल स्पॅममध्ये जाऊन बसतो.

निबंध चार, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द, त्यातला मेजरच्या तयारीवरचा सक्तीचा. शिफारसपत्र लागत नाही, सॅटही नाही.

फीचं प्रकरण रहिवासावर. रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटला ४६ डॉलर, बाकीच्यांना कैक पट. एच-फोरवरच्या (एच-वन व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांना कॅलिफोर्नियात रहिवास मिळू शकतो, एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसा) मिळत नाही, आणि एच-फोर २१ व्या वर्षी संपतो. कॉलेजातून यूसीत ट्रान्स्फर नेमका त्याच वयात येतो, तेव्हा व्हिसा बदलायच्या आधी दोन्हीकडच्या रहिवास कार्यालयात लेखी विचारून ठेवा, तोंडी उत्तर धरू नका.

शेवटचं कागदांचं. अर्जाच्या वेळी ट्रान्सक्रिप्ट मागत नाहीत, ग्रेड आपणच टाकायचे, पण जिथे जिथे कॉलेज केलं ते सगळं दाखवावं लागतं, हायस्कूलमध्ये असताना केलेला कॉलेजचा एखादा कोर्ससुद्धा. पुण्यात एफवाय बीएस्सी करून इकडे आलेली मुलं ते वर्ष लपवतात, नापास विषय असला तर हमखास. लपवू नका, नंतर उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. मार्क गुणपत्रिकेत आहेत तसेच लिहा, जीपीएत बदलत बसू नका. प्रवेश मिळाल्यावर ट्रान्सक्रिप्ट साधारण १ जुलैपर्यंत पोचायला लागतं आणि ते विद्यापीठाकडूनच आलेलं हवं, नोटरी केलेल्या झेरॉक्सवर काम भागत नाही. जूनमध्ये तिकडे नव्या ॲडमिशनांची धांदल असते, खिडकीवर कुणी उभं करत नाही, त्यामुळे मामा-काका जे कुणी पुण्यात असतील त्यांना फेब्रुवारीतच अर्ज टाकायला पाठवा.