दोन वादळं आणि आधीच आटलेलं गोदाम: प्वेर्तो रिकोच्या अंधाराची पार्श्वभूमी

कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या प्वेर्तो रिको बेटावर वीज गेली की आजही 2017 सालाची आठवण निघते. त्या सप्टेंबरात दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन चक्रीवादळं आली आणि शेवटच्या घरांत दिवे लागायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. वारा तर दिवसभरात निघून गेला होता. मग अकरा महिने गेले कुठे? याचं उत्तर शोधायचं तर वादळाच्या बरंच मागे जावं लागतं, आणि खांब, तार, इन्सुलेटर, रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) यांच्या हिशेबात शिरावं लागतं.

बेटाचं सरकारी वीज प्राधिकरण 1941 सालचं. आंतोनियो लुकेत्ती या अभियंत्याच्या पुढाकारानं डोंगरातल्या नद्यांवर धरणं बांधून वीज घरोघर नेण्याचं काम सुरू झालं. संस्थेच्या मूळ नावातही जलसंपत्तीच होती. पुढे कारखाने वाढले, पाणी पुरेना, आणि आयात तेलावर चालणारी मोठी वीजकेंद्रं उभी राहिली. त्यातली आगिरे आणि कोस्ता सुर ही मोठी केंद्रं दक्षिण किनाऱ्यावर आली. विजेची सर्वात जास्त मागणी मात्र उत्तरेला, राजधानी सान हुआनच्या परिसरात. मधे पूर्व-पश्चिम पसरलेली डोंगररांग. म्हणजे शहराला लागणारी बरीचशी वीज उभे कडे आणि दाट झाडी ओलांडून, मोजक्या उच्चदाब वाहिन्यांवरूनच येणार. त्यातली एखादी पडली तर तिथवर ट्रक जात नाही. माणसं आणि मनोऱ्याचे सुटे भाग हेलिकॉप्टरनं उतरवावे लागतात. 1998 साली जॉर्जेस वादळानं जवळजवळ सगळं बेट अंधारात टाकलं, तेव्हाच हे दुखणं उघड झालं होतं.

त्यावरचा इलाज पैशाचा होता, आणि पैसा नेमका उलट्या दिशेनं वाहत होता. 1917 च्या अमेरिकी कायद्यानं प्वेर्तो रिकोच्या रोख्यांवरचं व्याज करमुक्त ठरलं होतं, त्यामुळे तिथल्या सरकारी संस्थांना कर्ज सहज मिळत गेलं. पुढे उद्योगांची करसवलत 2006 पर्यंत टप्प्याटप्प्यानं संपली, कारखाने गेले, पाठोपाठ माणसंही अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाऊ लागली. बिलं भरणारे घटले, कर्ज तेवढंच राहिलं. 2014 मध्ये धनकोंकडे मुदत मागायची पाळी आली आणि जुलै 2017 मध्ये, सुमारे 9 अब्ज डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन, प्राधिकरणानं न्यायालयाचं संरक्षण मागितलं. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत पहिलं वादळ धडकलं.

अशा वेळी खर्चाची कात्री कुठे चालते हे वीजखात्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. तेल विकत घ्यावंच लागतं. वाहिनीखालची झाडं तोडणं पुढच्या वर्षावर ढकलता येतं. निवृत्त लाइनमनची जागा रिकामी ठेवता येते. गोदामात पडून असलेलं रोहित्र हिशेबाच्या वहीत अडकलेला पैसा दिसतं, म्हणून नवं मागवलं जात नाही. यातला एकही निर्णय त्या दिवशी कुणाच्या घरात अंधार करत नाही. पण वीजनिर्मिती संचांचं मध्यक वय 44 वर्षांवर गेलं होतं. वीज उद्योगातली सरासरी 18 वर्षांची. सप्टेंबर 2016 मध्ये तर वादळाचा मागमूस नसताना आगिरे केंद्रात आग लागली आणि सगळं बेट काळोखात गेलं. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. पुढच्या वर्षी काय होणार, हे त्या रात्री दिसून चुकलं होतं.

6 सप्टेंबर 2017. इर्मा वादळ बेटाच्या उत्तरेकडून निघून गेलं, थेट धडकलं नाही. तरीही दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. प्राधिकरणाच्या लाइनमननी जीव तोडून काम केलं आणि दोन आठवड्यांत बहुतेकांची वीज परत आणली. हे काम कौतुकाचंच होतं, पण गोदामात होतं नव्हतं ते तार-खांबाचं सामान त्यातच खर्ची पडलं. सुमारे 60 ते 80 हजार ग्राहक अजून अंधारातच होते, तेवढ्यात 20 सप्टेंबरच्या पहाटे मारिया वादळ यबुकोआजवळ किनाऱ्यावर चढलं. ताशी 250 किलोमीटरचा वारा बेट तिरपं कापत गेला. सगळं वीजजाळं बंद पडलं. एकाही ग्राहकाकडे वीज उरली नाही.

जोडवादळातली खरी अडचण इथे आहे. एरवी वादळ आलं की शेजारची राज्यं माणसं, ट्रक आणि सामान पाठवतात. या वेळी ऑगस्टच्या शेवटी हार्वेनं टेक्सासला झोडपलं होतं आणि 10 सप्टेंबरला इर्मा फ्लोरिडात शिरलं होतं. त्या दुरुस्तीला अमेरिका आणि कॅनडातून सुमारे 60 हजार कामगार गेले होते. खांब, रोहित्रं, तारेची रिळं तिथे आधीच उतरली होती. प्वेर्तो रिकोची पाळी आली तेव्हा पुरवठादारांकडचा साठा खाली गेला होता, आणि कारखान्यात खांब काही एका रात्रीत तयार होत नाही. लाकडी खांबासाठी सरळ, उंच पाइनचं झाड निवडायचं, साल काढायची, भट्टीत वाळवायचं, मग दाबाखाली लाकडात रसायन मुरवायचं. रोहित्राला त्याहून वेळ लागतो. त्यात बेटावरच्या 38 किलोव्होल्टच्या वाहिन्यांसारख्या काही गोष्टी मुख्य भूमीवर सहसा वापरात नाहीत, त्यामुळे त्यांचे भाग तयार मिळणं आणखी अवघड.

30 सप्टेंबरला अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाकडे वीजजाळं उभं करण्याचं काम सोपवलं गेलं. आपत्तीत तात्पुरते जनरेटर बसवणं हे त्या दलाचं नेहमीचं काम. अख्ख्या बेटाचं जाळं पुन्हा बांधणं नव्हे. त्यांच्या हिशेबात 50 हजारांहून जास्त खांब आणि सुमारे 6,500 मैल तार लागणार होती. हे सगळं फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलसारख्या बंदरांतून तराफ्यांवर चढवून समुद्रमार्गे आणायचं. अमेरिकी बंदरांमधली वाहतूक अमेरिकी जहाजांतूनच करायला लावणारा 1920 चा जोन्स कायदा त्या वेळी फक्त दहा दिवस शिथिल झाला.

आता सुरुवातीपासून टाळलेली एक लहान वस्तू. तुटलेल्या तारेची दोन टोकं जोडायला धातूची एक नळी लागते. तिला स्लीव्ह म्हणतात. दोन्ही टोकं आत सरकवायची आणि हायड्रॉलिक प्रेसनं ती नळी ठिकठिकाणी चेपायची. तारेचा पूर्ण ताण तिला पेलायचा असतो, म्हणून दुसरं काही गुंडाळून भागत नाही. वादळात तार शेकडो जागी तुटते. प्रत्येक जागी एक नळी. खांब उभा आहे, तार जमिनीवर शाबूत पडली आहे, माणसं तयार आहेत आणि नळी नाही, की काम तिथेच थांबलं.

म्हणूनच 6 जानेवारी 2018 ला पालो सेको इथल्या गोदामात जे घडलं त्यानं लोक संतापले. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे अधिकारी आणि अभियंता दलाची माणसं सुरक्षारक्षकांसह प्राधिकरणाच्या त्या गोदामात शिरली, तेव्हा तिथे दुरुस्तीचं बरंच सामान सापडलं. त्यात याच स्लीव्हही होत्या. सामान लगेच कंत्राटदारांना वाटायला सुरुवात झाली. आपण काही दडवलं नव्हतं, असं प्राधिकरणानं सांगितलं. ते खरं धरलं तरी, आपल्या कोठारात काय आहे हे सगळ्या यंत्रणांना मिळून साडेतीन महिन्यांनीही नीट ठाऊक नसावं, हे मला जास्त भयंकर वाटतं. तेव्हा लाखो ग्राहक अंधारात होते.

माणसांच्या बाबतीतही तीच कथा. वीज कंपन्यांमध्ये परस्पर मदतीची पद्धत फार जुनी आहे. मागितली की पथकं येतात, पैशाचा हिशेब नंतर होतो. प्राधिकरणानं ती मदत ऑक्टोबर संपेपर्यंत मागितली नाही. त्याऐवजी मॉन्टाना राज्यातल्या व्हाइटफिश एनर्जी या कंपनीला 30 कोटी डॉलरचं काम दिलं. मारिया धडकलं तेव्हा तिच्याकडे पूर्णवेळ कर्मचारी होते दोन. ओरड झाल्यावर गव्हर्नर रिकार्दो रोसेयो यांनी 29 ऑक्टोबरला करार रद्द करायला लावला, आणि नोव्हेंबरात प्राधिकरणाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात नव्यानं दुरुस्त केलेली एक उच्चदाब वाहिनी पुन्हा बंद पडली आणि 40 टक्क्यांच्या पुढे गेलेली निर्मिती एका दिवसात 18 टक्क्यांवर आली.

डोंगरातल्या गावांनी वाट पाहणं सोडलं. सान सेबास्तियानमध्ये महापौर हाविएर हिमेनेस यांनी निवृत्त वीज कामगार आणि पालिकेची माणसं गोळा केली आणि गावकऱ्यांनी स्वतःच एकेक वस्ती जोडायला घेतली. अदहुंतासमधल्या कासा पुएब्लो या संस्थेच्या छपरावर 1999 पासून सौर पॅनल होते. वादळानंतर आसपासचे लोक तिथेच फोन आणि श्वसनाची यंत्रं चार्ज करायला येत. अंधाराची खरी किंमत इथे होती: डायलिसिस, ऑक्सिजन, थंड ठेवायचं इन्सुलिन. मृतांचा अधिकृत आकडा कित्येक महिने 64 वर अडला होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर, ऑगस्ट 2018 मध्ये, सरकारनं 2,975 हा आकडा मान्य केला.

दुरुस्ती घाईची होती आणि ते लवकरच कळलं. 12 एप्रिल 2018 ला एक झाड वाहिनीवर पडलं आणि 8 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. सहाच दिवसांनी खोदकामाच्या यंत्राचा धक्का एका वाहिनीला लागला आणि अख्खं बेट पुन्हा काळोखात बुडालं.

अशा ठिगळांमागे कायद्याचाही हात होता. अमेरिकेतल्या 1988 च्या आपत्ती मदत कायद्याचा रोख सार्वजनिक मालमत्ता आपत्तीआधी होती तशी करून देण्यावर. इथे ‘होती तशी’ म्हणजे जुनाट. फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं प्वेर्तो रिको आणि शेजारच्या व्हर्जिन बेटांसाठी ही अट सैल केली आणि आजच्या मानकांप्रमाणे बांधायला परवानगी दिली. सप्टेंबर 2020 मध्ये फिमा या केंद्रीय आपत्ती यंत्रणेनं वीजजाळ्यासाठी सुमारे 9.5 अब्ज डॉलर जाहीर केले. जून 2021 पासून पारेषण आणि वितरण लुमा एनर्जी या खासगी कंपनीकडे गेलं.

18 सप्टेंबर 2022 ला फियोना वादळ आलं. मारियापुढे ते किरकोळ, पहिल्या म्हणजे सर्वात सौम्य श्रेणीचं. वादळ किनाऱ्यावर चढण्याआधीच सगळ्या बेटाची वीज गेली होती. तेव्हाही जाहीर झालेल्या त्या अब्जावधींचा फार मोठा भाग कागदावरच होता, आणि अदहुंतासमध्ये लोक पुन्हा कासा पुएब्लोच्या दिव्यांकडे निघाले होते.