काळे पॅसिव्हेशन : रंगबिघाड व प्रतिबंध

जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी भागांवर रासायनिक विक्रियेने काळा थर आणण्याच्या प्रक्रियेला काळे पॅसिव्हेशन म्हणतात. बोल्ट, नट, बिजागऱ्या, ब्रॅकेट अशा भागांवर ते सर्रास केले जाते. हा थर रंगासारखा वरून चढवलेला नसतो. आम्लधर्मी द्रावणात जस्ताचा वरचा पापुद्रा विरघळतो आणि तिथेच क्रोमियमच्या संयुगांचा थर बसतो. म्हणून काळ्याचा तपकिरी, हिरवट किंवा इंद्रधनुषी झाला की खापर काळ्या बाथवर (द्रावणाच्या टाकीवर) फुटते, पण मूळ बरेचदा आधीच्या टाक्यांत असते.

पहिला संशय जस्ताच्या जाडीवर घ्यावा. काळे पॅसिव्हेशन पारदर्शक प्रकारापेक्षा जास्त जस्त खाते. त्यासाठी साधारण ८ मायक्रोमीटर किंवा अधिक लेप ठेवतात. बोल्टचे डोके काळेभोर आणि आट्यांच्या तळाशी मात्र तपकिरी झाक, हे पातळ लेपाचे ठरलेले लक्षण आहे, कारण खोलगट जागी विद्युतप्रवाह कमी पोहोचतो. ब्राइटनर (प्लेटिंगच्या बाथमधले चकाकी आणणारे द्रव्य) प्रमाणाबाहेर गेल्यास सेंद्रिय द्रव्ये लेपात अडकतात आणि काळा थर डागाळतो. जस्ताच्या अल्कधर्मी बाथमधून आलेला भाग नीट धुऊन अतिसौम्य नायट्रिक आम्लात (सुमारे अर्धा टक्का किंवा कमी) काही सेकंद बुडवावा लागतो. धुण्यातली कसर इथेच उघडी पडते: मागे राहिलेला अल्क पॅसिव्हेशनच्या द्रावणाचा सामू (pH) वाढवतो आणि रंग हळूहळू फिकटत जातो.

पूर्वी षट्‌संयुजी क्रोमियम (सहा संयुजेचे, घातक रूप) व चांदीचे क्षार वापरून गडद काळा मिळत असे. युरोपीय संघाच्या रोह्स (RoHS, घातक पदार्थांवरील निर्बंध) निर्देशाने १ जुलै २००६ पासून विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांत अशा क्रोमियमवर समांगी पदार्थाच्या वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. नंतर रुळलेल्या त्रिसंयुजी (तीन संयुजेच्या क्रोमियमच्या) प्रकाराचा काळेपणा मुळात थोडा उणा असतो. त्यावर टॉपकोट किंवा सीलर (वरून दिलेला संरक्षक थर) हवाच. त्यानेच रंगाला खोली येते, इंद्रधनुषी झाक दबते आणि जस्ताचा पांढरा गंज लांबतो. काळ्यावर हा गंज जरासा उमटला तरी लगेच नजरेत भरतो, त्यामुळे टॉपकोटचा खर्च वाचवणे महागात पडते.

ताजा थर मऊ असतो. बॅरलमध्ये (फिरत्या पिंपात) भाग एकमेकांवर आपटले की कडा पांढऱ्या पडतात, म्हणून नाजूक माल रॅकवर (सुटा टांगून) लावलेला बरा. षट्‌संयुजी थर ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या वर वाळवला तर त्यातले पाणी जाऊन त्याला तडे जातात. उच्च ताकदीच्या पोलादाला ठिसूळ करणारा हायड्रोजन घालवण्यासाठीची भट्टी (साधारण १९० ते २२० अंश) त्यामुळे प्लेटिंगनंतर, पण पॅसिव्हेशनच्या आधी येते. माल पूर्ण वाळून गार झाल्यावरच बांधावा. ओलसर पुठ्ठा आणि घामट हात डाग पाडतात.

बिघडलेला थर पुन्हा बुडवून सहसा सुधारत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तो जस्तासकट उतरवून नव्याने प्लेटिंग करतात. त्यात हायड्रोजन पुन्हा शिरत असल्याने उच्च ताकदीच्या भागांना भट्टीही पुन्हा द्यावी लागते.