दोन गाजरं, पाच दिवस

११ जानेवारी २०२१ रोजी इंग्लंडमधल्या एका आईने शाळेकडून घरी आलेला शिधा मांडला आणि त्याचा फोटो ट्विटरवर टाकला. ब्रेडचा एक पुडा, चीजचे काही काप, बेक्ड बीन्सचा एक डबा, दोन गाजरं, दोन बटाटे, एक टोमॅटो, तीन सफरचंदं, दोन केळी, थोडा पास्ता, मुलांसाठीच्या दह्याच्या तीन नळ्या आणि माल्ट ब्रेडचे दोन छोटे बार. हे सगळं एका मुलाच्या दहा दिवसांच्या दुपारच्या जेवणासाठी, तीस पौंडांच्या किराणा-कूपनाऐवजी आलं, असं तिचं म्हणणं होतं. सुपरमार्केटच्या दराने तिने हिशेब केला, तो ५ पौंड २२ पेन्स भरला. शिधा पुरवणाऱ्या कंपनीने सांगितलं की हे दहा नव्हे, पाच दिवसांचं आहे आणि अन्न, बांधणी, पोचवणी मिळून आकारणी १० पौंड ५० पेन्स आहे. पुढे कंपनीने माफी मागितली.

त्या आठवड्यात इंग्लंडमध्ये कोरोनाची तिसरी टाळेबंदी सुरू होती. बहुतेक मुलं घरीच होती आणि शाळेतलं मोफत जेवण बंद झालं होतं, म्हणून त्याऐवजी घरी शिधा जात होता. या जेवणाचा हक्क मुख्यतः गरीब घरांतल्या मुलांना मिळतो. युनिव्हर्सल क्रेडिट हे सरकारी साहाय्य घेणाऱ्या कुटुंबाची कर वजा जाता कमाई तेव्हा वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत असावी लागे. जानेवारी २०२१ च्या शाळागणनेत अशी सुमारे १७ लाख ४० हजार मुलं होती, म्हणजे सरकारी शाळांतलं दर पाचातलं एक.

फोटोवरून गदारोळ झाला तो मुख्यतः पैशांचा. पाच पौंडांच्या मालाला साडेदहा का, हा प्रश्न रास्तच होता. पण मला त्या फोटोत दुसराच प्रश्न दिसत राहिला. हे अन्न खाऊन सात-आठ वर्षांच्या मुलाच्या शरीराला नेमकं काय मिळालं असतं?

त्यासाठी मोजपट्टी हवी, आणि ती इंग्लंडकडे होती. २००८ पासून काही वर्षं तिथल्या प्राथमिक शाळांच्या जेवणाला आकड्यांचे निकष होते. एका जेवणातून सरासरी ५३० किलोकॅलरी, किमान साडेसात ग्रॅम प्रथिनं, ३ मिलिग्रॅम लोह, १९३ मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेदहा मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. पाच दिवसांसाठी याची पाचपट करायची आणि पिशवीतल्या वस्तूंशी ताडून बघायची.

हिशेब मांडला तेव्हा मला धक्काच बसला, कारण पिशवी बऱ्यापैकी पास होते. ब्रेडचा पुडा ८०० ग्रॅमचा धरला, तर एकट्या ब्रेडमधूनच साधारण १,९०० किलोकॅलरी मिळतात. पाच दिवसांची गरज २,६५० ची. प्रथिनांची अट एकटा ब्रेड पार करतो. कॅल्शियमही भरतं. लोह ब्रेड आणि बीन्स मिळून पुरं होतं. क जीवनसत्त्व बटाटे, टोमॅटो आणि फळांतून निघतं.

मग अडचण कुठे आहे?

आधी ब्रेडकडे बघू, कारण एवढे सगळे गुण त्याला आपोआप मिळालेले नाहीत. दळताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की पांढऱ्या पिठातून बरंच लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वं निघून जातात. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून पिठात कॅल्शियम मिसळायला सुरुवात झाली. आज तिथल्या कायद्याने, कोंड्यासकट दळलेलं पीठ वगळता, गव्हाच्या पिठात कॅल्शियम, लोह, थायमिन आणि नायसिन घालावंच लागतं. म्हणजे त्या पिशवीतलं पोषण मोठ्या प्रमाणात ऐंशी वर्षांपासूनच्या पीठ-धोरणाची पुण्याई आहे. पिशवी भरणाऱ्याने त्यासाठी काही केलेलं नव्हतं.

दुसरं म्हणजे कागदावरचं लोह आणि रक्तातलं लोह यांत अंतर असतं. मांस-माशांतल्या लोहाचा काही भाग हीम (रक्तातल्या लाल रंगद्रव्याशी जोडलेल्या) स्वरूपात असतो आणि आतडं तो सहज शोषतं. धान्य आणि कडधान्यांतलं लोह वेगळ्या स्वरूपाचं असतं. धान्यातलं फायटेट हे द्रव्य त्याला धरून ठेवतं आणि त्यातला थोडाच भाग शरीरात जातो. पिठात घालतात ती लोहाची बारीक भुकटी तर आणखी कमी शोषली जाते. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेलं तर शोषण सुधारतं. बीन्सबरोबर टोमॅटो खावा तो यासाठी. पण पिशवीत टोमॅटो एक आहे आणि दिवस पाच.

शिवाय पास होण्याची अट अशी की मुलाने तो पुडा एकट्याने संपवायचा, रोज दुपारी ब्रेडचे चार काप, लोण्याशिवाय. फोटोत लोणीही नव्हतं आणि तेलही. आणि घरात शाळेत न जाणारं धाकटं भावंड असेल तर? आई एका मुलाला जेवायला वाढून दुसऱ्याला तोंडाकडे बघत बसवणार नाही. शाळेच्या जेवणघरात ताट ज्याचं त्याच्यापुढे येतं. घरी आलेला शिधा सगळ्या घराचा होतो आणि एका मुलासाठी मोजलेले आकडे त्याच क्षणी कोलमडतात.

सगळ्यात मोठी उणीव मात्र त्या पाच आकड्यांत नसलेल्या गोष्टींची आहे.

आयोडीन बघा. थायरॉइड ग्रंथीची संप्रेरकं आयोडीनपासून बनतात, आणि मुलांची वाढ, मेंदूचा विकास त्यांवर अवलंबून असतो. ब्रिटनमध्ये घरोघरी आयोडीनयुक्त मीठ वापरायची पद्धत नाही. तिथल्या मुलांना आयोडीन मिळतं ते मुख्यतः दुधातून. पिशवीत दूध नव्हतं. दह्याच्या तीन चिमुकल्या नळ्या आणि चीज यांतून थोडंफार येईल, पण पेलाभर दुधाची बरोबरी नाही.

ड जीवनसत्त्वाचं तर आणखी अवघड. त्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इतका खाली असतो की त्वचेत हे जीवनसत्त्व पुरेसं तयारच होत नाही. म्हणून हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी असा तिथल्या सरकारचा सल्ला आहे. अन्नातून ते मिळवायचे मार्ग मोजके आहेत: तेलकट मासे, अंडी आणि वरून मिसळलेले काही पदार्थ. जानेवारी महिना, दारं बंद, आणि पिशवीत मासा नाही की अंडं नाही. ओमेगा-३ स्निग्धाम्लांचंही तेच.

इंग्लंडने २०१५ पासून आकड्यांचे निकष बाजूला ठेवून पदार्थांचे निकष आणले, ते शाळांच्या स्वयंपाकघरांना पाळायला सोपे जावेत म्हणून. रोज एक तरी भाजी किंवा सॅलड, रोज एक फळ, आठवड्यात तीन वेगळ्या भाज्या आणि तीन वेगळी फळं, कमी स्निग्धांशाचं दूध रोज उपलब्ध, तीन आठवड्यांत एकदा तरी तेलकट मासा. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. पदार्थांची विविधता सांभाळली की न मोजलेले घटकही आपोआप येतात. या पट्टीवर पिशवी उघडी पडते. फळं मोजून पाच, पण प्रकार दोनच. बटाटा पिष्टमय पदार्थांत जातो, भाजीत नाही. उरली दोन गाजरं, एक टोमॅटो आणि फार तर बीन्स.

त्या आठवड्यात इतर पालकांनीही फोटो टाकले. काहींत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली अर्धी ढोबळी मिरची होती, काहींत डब्यातून काढून नाणी ठेवायच्या छोट्या पिशव्यांत भरलेला ट्यूना मासा. लोकांना त्यात कंजुषी दिसली. मला त्यात त्याहून वाईट काही दिसतं. भाजी कापली की पेशी फुटतात, आतली विकरं (एन्झाइम) आणि हवेतला प्राणवायू क जीवनसत्त्वाशी भिडतात आणि ते झपाट्याने घटू लागतं. ओल्या कापावर जंतूंना आयतं घर मिळतं. सीलबंद डब्यातला मासा निर्जंतुक असतो म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. डबा उघडला की तो ताज्या शिजवलेल्या माशासारखाच नाशवंत, त्याला फ्रीज हवा आणि एक-दोन दिवसांत संपवायला हवा. नाण्यांच्या पिशवीवर ना तारीख, ना घटक. ज्या मुलाला माशाची अॅलर्जी आहे त्याच्या आईने काय वाचायचं?

आणि इंधन. शाळेच्या स्वयंपाकघरात एका भट्टीत दोनशे बटाटे भाजले जातात. घरी एका बटाट्यासाठी तासभर ओव्हन पेटवायचा. ज्या घरात वीज आधी पैसे भरून मीटरवर घ्यावी लागते तिथे तो बटाटा कच्चाच राहायची शक्यता अधिक. जेवणाऐवजी शिधा दिला की इंधन, वेळ आणि भांडी हा सगळा खर्च गुपचूप घरावर ढकलला जातो. कुठल्याच पावतीवर तो दिसत नाही.

१३ जानेवारीला संसदेत पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी या चित्रांना लाजिरवाणं म्हटलं. विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांनी मग सरकारी मार्गदर्शिकेतलीच नमुना यादी वाचून दाखवली. ती जवळपास त्या फोटोतल्या पिशवीसारखीच होती. फरक होता मक्याचा डबा, हॅमचं (डुकराच्या मांसाचं) पाकीट आणि दुधाच्या बाटलीचा. सभागृहात तो मुद्दा सरकारला कोंडीत पकडायला कामी आला. पोषणाच्या अंगाने बघितलं तर त्या तीनपैकी दुधाची बाटली हा अजिबात किरकोळ फरक नाही. हॅम मात्र मुसलमान आणि ज्यू घरांत तसंच पडून राहिलं असतं.

मुलांना खाऊ घातल्याचा परिणाम तराजूवर मोजण्याचा एक जुना प्रयोगही याच देशात झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले तरुण इतके अशक्त निघाले की सरकार हादरलं, आणि १९०६ मध्ये शाळांतून जेवण देण्याची मुभा देणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डमध्ये डॉ. राल्फ क्राउली यांनी सुमारे चाळीस गरीब मुलांना काही महिने सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण दिलं, आणि वजनं नोंदवली. तुलनेला जेवण न मिळणारी मुलंही ठेवली. जेवण चालू असताना वजन वाढे. मध्ये काही दिवसांची सुटी लागून शाळा बंद झाली, जेवण थांबलं, आणि वजन खाली आलं. शाळा बंद असताना मुलाच्या शरीरात काय होतं, हे २०२१ च्या एकशे चौदा वर्षं आधीच कागदावर उतरलेलं होतं.

१८ जानेवारीपासून मुलामागे आठवड्याला १५ पौंडांची कूपनं पुन्हा सुरू झाली. शिधाच द्यायचा तर शाळांना त्यासाठी मुलामागे आठवड्याला साडेतीन पौंड जादा मिळत होते. त्या पिशवीत मी काय बदललं असतं? माल्टचे बार काढून सहा अंडी ठेवली असती. आयोडीन, ब-१२ आणि थोडं ड जीवनसत्त्व एका कवचात येतं, आणि उकडायला दहा मिनिटं पुरतात. दह्याच्या नळ्यांच्या जागी दूध. बंद डब्यातले सार्डिन मासे, ज्यांचे मऊ काटेही खाता येतात आणि त्यातून कॅल्शियमही मिळतं. संत्री, सोलून लगेच खाता येणारी. भाजी सबंध, न कापलेली. आणि घरी ओव्हन आहे का, मासा चालतो का, हे पिशवी भरण्याआधी त्या आईला विचारलं असतं.