डॅशहाऊंड घरी आणलाय? मग आधी त्याची पाठ समजून घ्या

आमच्याकडे नाशिकला बोर्डिंगला आणि ग्रूमिंगला जेवढे कुत्रे येतात त्यात सगळ्यात जास्त लाड करून घेणारा, सगळ्यात जास्त भांडणारा आणि आम्हाला सगळ्यात जास्त टेन्शन देणारा गडी एकच, डॅशहाऊंड. दर वेळी काउंटरवर उभं राहून तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच देऊ. फ्रीजवर चिकटवा, आणि घरातले आजी-आजोबा, कामाच्या मावशी यांनाही वाचून दाखवा, कारण दिवसभर कुत्रा खरं तर तेच सांभाळतात.

पहिली गोष्ट, हा शोपीस म्हणून बनलेला कुत्रा नाही. जर्मन भाषेत डाख्स म्हणजे बॅजर आणि हुंड म्हणजे कुत्रा. बॅजर म्हणजे आपल्या घुशीपेक्षा कितीतरी मोठा, दहा-बारा किलोचा, लांब नखांचा, जमिनीत बोगदे करून राहणारा प्राणी. त्या बोगद्यात शिरून त्याला तोंड द्यायला हा कुत्रा तयार केला, म्हणून पाय आखूड, अंग लांब, पुढचे पंजे फावड्यासारखे, आणि आवाज एवढा मोठा की वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला जमिनीखालून ऐकू यावा. (जर्मनीत याला डाकेल म्हणतात आणि कौतुक एवढं की 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचा मॅस्कॉट हाच होता, वाल्डी नावाचा.)

आता तुम्हीच विचार करा, अंधारात, एकटा, समोर दात विचकणारं जनावर आणि मालक वर, म्हणजे सांगायला कुणी नाही, पुढे जायचं का मागे यायचं हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. अशा कुत्र्याला तुम्ही फ्लॅटमध्ये आणून "सिट" म्हणालात की तो आधी तुमच्याकडे बघतो, विचार करतो, मग जमलं तर बसतो. लोक म्हणतात हट्टी आहे, डोकं नाही. डोकं भरपूर आहे हो, फक्त ते तुमच्या ताब्यात नाही. ओरडून, मारून तर बिलकुल ऐकत नाही, उलट डूख धरतो. खाऊचा छोटा तुकडा, पाच मिनिटांची शिकवणी, दिवसातून तीनदा, एवढंच चालतं. शी-शू शिकायलाही बाकीच्यांपेक्षा वेळ लागतो, आणि पावसाळ्यात तर साहेब दारातूनच परत फिरतात कारण पोट जमिनीला लागायला आलेलं, चिखल पहिला त्यालाच लागतो.

अनोळखी माणसावर भुंकणं, कधी कधी दात दाखवणं हेही यात आलंच. 2008 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या ब्रीडच्या मालकांकडून माहिती गोळा केली तेव्हा अनोळखी माणसांवर आणि दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाण्यात डॅशहाऊंड वरच्या नंबरात निघाला. लहान आहे म्हणून लोक हसण्यावारी नेतात, पण चावला तर टाके पडतात. म्हणून पिल्लू असतानाच, लसीकरणाचं डॉक्टरांना विचारून, त्याला माणसं, लहान मुलं, रिक्षा, कुकरची शिट्टी सगळं दाखवा, सवय लावा. आणि तो जेवत असताना पोरांनी जवळ जायचं नाही, हा नियमच करा.

बाकी दोन सवयी: खणणं आणि पांघरुणात घुसणं. कुंड्या उकरतो, सोफ्याची गादी उकरतो, सोसायटीत घुशीचं बीळ दिसलं की ओढून ओढून हैराण करतो. बिळापाशी जाऊ देऊ नका, उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस नावाचा आजार) होतो, पावसात जास्तच, आणि तो माणसालाही होतो. त्यापेक्षा घरात एका खोक्यात जुने कपडे भरून आत खाऊ लपवा, उकरू दे मनसोक्त. आणि हो, गोधडीवर बसण्याआधी हात फिरवून बघा, तो आत झोपलेला असतो.

आता पाठ. हे नीट वाचा.

याचे आखूड पाय ज्या जनुकीय बदलामुळे आलेत त्याच बदलामुळे मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक व्हायला लागतात. माणसाची गादी सरकते तसंच, फक्त इथे ती साध्या उडीनेही सरकू शकते. साधारण चारातल्या एका डॅशहाऊंडला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, बहुतेक वेळा तीन ते सात वर्षांच्या मधे. म्हणजे ऐन उमेदीत.

म्हणून सोफ्यावरून, बेडवरून उड्या बंद. "त्याला आवडतं" हे आम्ही रोज ऐकतो. आवडतं म्हणून काय झालं, सुताराकडून कमी उताराची फळी करून घ्या, वर जुनी सतरंजी ठोका, आठवड्यात शिकतो. जिन्यावरून उचलून न्या. उचलताना पुढच्या बगलेत हात घालून लहान बाळासारखं लटकवायचं नाही, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ राहिली पाहिजे. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा. आणि त्या चकचकीत टाइल्स, त्यावर याचे पाय फाकतात, तेव्हा जिथे तो पळतो तिथे मॅट टाका आणि नखं वेळेवर कापा (आमच्याकडे या, घरी रक्त काढत बसू नका).

वजन हा दुसरा शत्रू. छोटा म्हणजे मिनिएचर साधारण पाच किलोपर्यंत, स्टँडर्ड सात ते साडेचौदा. पण काट्यापेक्षा हात लावून बघा, बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. आमच्याकडे एक मिनिएचर येतो, आला तेव्हा आठ किलोचा होता, मालक म्हणाले अहो दोन वेळचंच देतो. मग कळलं आजोबा सकाळच्या चहाबरोबर चार पारले-जी, मावशी दुपारी पोळी-दूध, पोरं संध्याकाळी चीज. सगळं प्रेमाने, आणि एकमेकांना न सांगता! दिवसाचं खाणं सकाळीच एका डब्यात मोजून ठेवा, डबा संपला की विषय संपला. कांदा-लसूण घातलेली भाजी-रस्सा नाही, चॉकलेट नाही, आणि नाशिककरांनो खास तुमच्यासाठी: द्राक्षं, मनुके, बेदाणे अजिबात नाही, कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

काय दिसलं की घाबरायचं? नेहमी सोफ्याकडे धावणारा आज नुसता बघतोय, पाठ कमानीसारखी झालीय, मान खाली, उचलताना केकाटतो, कारण नसताना थरथरतो. हे दिसलं की फिरवणं बंद, छोट्या जागेत किंवा क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर. सौम्य प्रकारात औषधं आणि चार ते सहा आठवडे सक्त आराम, एवढ्यावरही बरेच सावरतात, पण आराम म्हणजे आरामच, दोन दिवसांनी बरा वाटला म्हणून मोकळा सोडला की परत पहिले पाढे. मागचे पाय लटपटतायत, पंजा उलटा घासतोय, शू अडकलीय किंवा आपोआप होतेय, तर मग तासांचा हिशोब आहे, रात्र असली तरी निघा. ऑपरेशन लागू शकतं, त्यासाठी बऱ्याचदा मुंबई-पुणं गाठावं लागतं, आणि पायाला वेदना कळतेय तोवर ऑपरेशन झालं तर परत चालण्याची शक्यता चांगली असते. तेल लावून मालिश करू नका, कुणी कितीही सांगो. घरातली माणसांची पेनकिलर तर बिलकुल नाही, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कुत्र्याला यातलं काहीही जिवावर बेतू शकतं.

बाकीचं थोडक्यात: कान लोंबते, आठवड्याला उघडून बघा, वास आला तर दाखवा. गोचीड रोज बोटांमधे आणि कानामागे शोधा. एप्रिल-मेमध्ये फिरायला सकाळी लवकर, रस्त्यावर तुमचा तळहात टेकवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्याला नेऊ नका. पिल्लू घेणार असाल तर "डबल डॅपल (आई-बाप दोघेही डॅपल, म्हणजे ठिपकेदार), रेअर कलर" म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडून घेऊ नका, ती पिल्लं आंधळी-बहिरी निघू शकतात.

बोर्डिंगला सोडताना त्याची स्वतःची गोधडी आणा, धुऊन नको, घरचा वास असलेली. लसीकरणाचं कार्ड आणि मोजलेल्या खाण्याचा डबा आणा. आधी कधी पाठीचा त्रास झाला असेल तर प्लीज लपवू नका, आम्ही नाही म्हणणार नाही, त्याला फक्त खालच्या मजल्यावरची, मॅट घातलेली खोली देऊ.